‘वर्दी’ या शब्दाखालच्या चार ओळी

मोरिवलीतले गाववाले, फायर स्टेशनचे साहेब, माझ्या पाळीतले आणि जनूच्या पाळीतले सगळे भाऊ, शिरगावच्या सोसायटीतून आलेली मंडळी, आणि समोर बसलेल्या सुलभावहिनी.

मला भाषण करता येत नाही. स्टेशनवर पंधरा ऑगस्टला दोन शब्द बोला म्हटलं तरी मी पाणी मारायच्या पाइपाआड लपतो. आज मात्र मीच सांगितलं की मला बोलायचंय. माझ्या आधी चार जण बोलले. जनार्दन हसतमुख होता, मनमिळाऊ होता, कुणालाही नाही म्हणायचा नाही. सगळं खरं आहे. पण ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. आज नववा दिवस. नऊ दिवसांत मला एकदाही रडू आलं नाही, नुसता राग येतोय. ज्यांना ऐकवणार नाही त्यांच्यासाठी बाहेर पाण्याची टाकी भरून ठेवलीय. मध्येच उठून गेलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी प्रमोद, कुळगावचा. जनू आणि मी एकाच दिवशी फायरमन म्हणून लागलो. पहिल्याच महिन्यात त्याला एक पाळी मिळाली, मला दुसरी. चोवीस तास ड्युटी, चोवीस तास घरी. म्हणजे तो कामावर तेव्हा मी घरी, मी कामावर तेव्हा तो घरी. एवढ्या वर्षांची दोस्ती, पण भेट व्हायची ती सकाळी आठला, पाळी बदलताना. पंधरा मिनिटं. तो निघायचा, मी यायचो, गेटवर कटिंग चहा. आमची सगळी दोस्ती त्या पंधरा मिनिटांची. आमच्या बायका म्हणायच्या, तुम्ही एकमेकांना जेवढं ओळखता तेवढं आम्हालाही ओळखत नाही.

आणि आता एक गोष्ट सांगतो, जी मी चारचौघांत कधी बोललो नाही. जनूचा आणि माझा गवत कापायचा धंदा होता. लॉन लावायची, कापायची, खत द्यायचं, रानगवत उपटायचं. शिरगाव, कात्रप, इकडे अंबरनाथ पूर्वेला दोन-तीन बंगले. साहेब, ऐकलंत ना? परवानगी घेतलेली नव्हती. दोघांनीही नव्हती घेतली. लोकांना वाटतं एकट्या जनूचा होता. स्टेशनवरही आठ दिवस तेच कुजबुजतायत, ड्युटी करून हा बाहेर धंदा करायचा. एकटा नव्हता तो. अर्धा धंदा माझा होता.

मशीन एकच होती. मोटरसायकल एकच. गुंडाळलेली वायर, फावडं, खताची गोण, सगळं एकच. ज्याची सुट्टी त्याच्याकडे सामान. सकाळी आठला चहा पिताना आम्ही स्टेशनचा चार्ज द्यायचो आणि गवताचाही द्यायचो. “बंगल्याची मागची बाजू राहिलीय. सोसायटीत कारंज्याजवळ पिवळं पडतंय, चुना टाक.” बाजूने जाणाऱ्याला वाटायचं हे दोघे आगीबद्दल बोलतायत.

धंदा सुरू झाला तो स्टेशनच्याच अंगणातून. पूर्वीच्या एका साहेबांना हौस होती, समोर हिरवळ पाहिजे. जनूने लावली. त्याच्या वडिलांनी हयातभर विळ्याने गवत कापून तबेल्यांना घातलेलं. तो म्हणायचा, “बापाने म्हशींसाठी कापलं, मी साहेबलोकांच्या बुटांसाठी कापतो. म्हशी निदान खायच्या तरी.” असं बोलायचा, पण गवतावर जीव होता त्याचा. कापायच्या आधी चपला काढायचा आणि सगळी लॉन अनवाणी फिरायचा. खडा, खिळा, काचेचा तुकडा, पोरांनी टाकलेला क्रिकेटचा स्टंप, काय असेल ते पायाला कळतं म्हणायचा. पायाला कळलं की वाकून उचलायचा. मग बूट चढवायचे, मग मशीन. मी असं कधी केलं नाही. मी सरळ मशीन फिरवायचो आणि मग पातं वाकलं म्हणून शिव्या घालायचो.

हे अनवाणी चालणं लक्षात ठेवा. पोलिसांच्या कागदात ते आलंय.

शिरगावच्या या सोसायटीत आमच्याकडे आधी पेट्रोलची मशीन होती. तिथल्या लोकांनी सांगितलं, आवाज होतो, आमच्या घरून मीटिंगा चालतात, विजेवरची आणा. आणली. पण विजेवरची म्हणजे पॉइंट लागतो. पॉइंट कुठे, तर कारंज्याजवळ. त्या पॉइंटला पूर्वी शॉक लागला तर आपोआप बंद होणारा स्विच होता. पावसाळ्यात बागेतले दिवे भिजले की तो पडायचा आणि कारंजं बंद व्हायचं. कुणाच्या तरी साखरपुड्याच्या दिवशी पडला, तेव्हा कमिटीने इलेक्ट्रिशियन बोलवून तो स्विच काढून टाकला आणि लाइन डायरेक्ट केली. डायरेक्ट. हा शब्द आपल्याकडे किती लाडका आहे बघा. काही बिघडलं की डायरेक्ट करून टाक.

त्या पॉइंटचा झटका पहिल्यांदा कुणाला बसला माहितेय? मला. जून संपता संपता. पायात गमबूट होते म्हणून वाचलो, पण हात खांद्यापर्यंत बधिर झाला. जिथे अर्थिंग असायला हवं त्यातूनच करंट येत होता. प्लग लावला की मशीनचा लोखंडी दांडा जिवंत. मी काय केलं? तळमजल्यावर एक मावशी राहतात, त्यांना म्हटलं, मावशी, तुमच्या खिडकीतून वायर घेऊ का? त्या भल्या बाई, हो म्हणाल्या. माझं काम झालं. दुसऱ्या दिवशी आठला मी जनूला सांगितलं, त्या पॉइंटला हात लावू नको, मावशींच्या खिडकीतून घे.

तो म्हणाला, “आन् पोरं? पोरं खेलतान तिथं, कारंज्याशी.”

मी म्हटलं, “आपण तिथे माळी आहोत. आपल्याला कोण विचारतंय?”

तो म्हणाला, “लिवून ठेवतो मी.”

मी म्हटलं, “लिहू-बिहू नको. ठेका जाईल.”

वहिनी, हे मी तुम्हाला घरी सांगायला हवं होतं. नऊ दिवस तुमच्या घरी येतोय आणि जमलं नाही. त्या पॉइंटचं मला त्याच्या आधी माहीत होतं. आणि मी त्याला गप्प बस म्हणालो होतो. मी ज्या रागाने बोलतोय ना, त्यातला पहिला राग माझ्यावर आहे.

त्याने ऐकलं नाही. त्याने लिहिलं.

स्टेशनवरच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे फोन आला की आम्ही म्हणतो वर्दी आली. आग लागली, झाड पडलं, घरात साप निघाला, लिफ्टमध्ये कुणी अडकलं, ज्याने कळवलं त्याने वर्दी दिली. वर्दी म्हणजे खबर. आमच्या वहीत प्रत्येक नोंदीवर पहिला शब्द तोच असतो. वर लिहायचं ‘वर्दी’, खाली ठिकाण, खाली प्रकार, खाली धोका, खाली कारवाई. इतकी वर्षं तेच लिहून लिहून जनूचा हात तसाच बसला होता. वाण्याला सामानाची यादी दिली तरी त्यात ठिकाण आणि प्रकार यायचा, आम्ही त्याला चिडवायचो.

सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये कामाचं रजिस्टर असतं. कोण आलं, काय काम केलं. जनूने त्यात आपल्या सवयीने लिहिलं. मी वाचून दाखवतो, माझ्याकडे फोटो आहे.

वर्दी.
ठिकाण, कारंज्याजवळचा पॉइंट.
प्रकार, अर्थिंगमधून करंट उतरतो.
धोका, लहान मुले तिथे खेळतात.
कारवाई, लाइन बंद ठेवून इलेक्ट्रिशियन बोलवावा.

खाली सही नाही. खाली फक्त ‘माळी’. नाव लिहिलं असतं तर स्टेशनपर्यंत गेलं असतं ना, म्हणून. जुलैत एकदा लिहिलं. पंधरा दिवसांनी परत लिहिलं. परत पंधरा दिवसांनी, तिसऱ्यांदा. शब्द न शब्द तोच. सुवाच्य अक्षर. मराठीत. कुणालाही वाचता येईल असं.

तिसऱ्या नोंदीपुढे हिरव्या शाईत शेरा आहे. सेक्रेटरीसाहेबांचा. शेरा असा आहे, ‘वर्दी दिली. विषय बंद.’

आता मला सांगा, फायरमन माणसाने हे वाचलं तर त्याला काय कळेल? वर्दी दिली. म्हणजे ज्याला कळवायचं त्याला कळवलं. विषय बंद. म्हणजे काम झालं. आमच्या स्टेशनवर कुणालाही विचारा, दुसरा अर्थच निघत नाही.

त्या मंगळवारी सकाळी माझी ड्युटी होती, त्याची सुट्टी. मावशी मुलीकडे पुण्याला गेलेल्या, खिडकी बंद. जनूने केबिनमध्ये रजिस्टर उघडलं. वॉचमन काका इथे मागे उभे आहेत. त्यांना बसा म्हटलं तरी ते बसत नाहीत. त्यांनी मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. “साहब, वो पढ़ के खुश हो गए. बोले, चलो, इन लोगों ने सुन तो लिया.” मग काकांनी त्याला एक पाकीट दिलं, कमिटीकडून आलेलं. जनू म्हणाला, गाडीवर ठेवून द्या, नंतर बघतो. आणि तो गेला बागेत. चपला काढल्या. लॉनवर फिरला. मशीन वाटेत होती ती बाजूला करायला दांडा धरला. कारंज्याजवळच्या पॉइंटला त्याने प्लग आधीच लावलेला होता, कारण विषय बंद होता.

स्टेशनवर फोन मी घेतला. साडेदहाला. पलीकडून बाई ओरडत होत्या, शिरगाव, सोसायटीचं नाव, माळ्याला करंट लागलाय. मी वहीत लिहिलं. वर्दी. ठिकाण. प्रकार. ‘एक माळी विजेच्या धक्क्याने जखमी.’ माझ्या हाताने मी ‘एक माळी’ लिहिलं. लिहून झाल्यावर मला कळलं की त्या लॉनवर आज कुणाची पाळी आहे.

आम्ही पोचेपर्यंत या काकांनी लाकडी स्टूल मारून वायर पॉइंटमधून उखडून बाजूला केली होती. तेवढं एका माणसाने केलं. मी जनूच्या छातीवर दाब देत राहिलो. गाडीत देत राहिलो, हॉस्पिटलच्या दारात देत राहिलो. डॉक्टरांनी माझा हात धरून थांबवला.

तिसऱ्या दिवशी मी मोटरसायकल आणायला गेलो. हँडलला ते पाकीट तसंच लटकत होतं. उघडलं. आत हिरवा टी-शर्ट. पाठीवर सोसायटीचं नाव, खाली ‘स्टाफ’. मी तो हातात घेऊन तिथेच फुटपाथवर बसलो. आधी काही कळेना. मग हळूहळू कळलं.

मी वर गेलो, सेक्रेटरीसाहेबांकडे. साहेब, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलायत, मी चुकत असेन तर थांबवा. मी विचारलं, हा शेरा काय आहे? तुम्ही म्हणालात, आणि अगदी साळसूदपणे म्हणालात, “अहो, तो सारखा वर्दी वर्दी लिहीत होता. सगळ्या वॉचमनना ड्रेस दिले, याला नव्हता दिला. म्हटलं देऊन टाका एकदाची, विषय बंद करा.”

खाकी वर्दी. पोलिसाची वर्दी. माळ्याची वर्दी.

मंडळी, शब्दाचे दोन अर्थ असतात, त्याला कुणी काही करू शकत नाही. तुम्ही मराठी, तो मराठी, मी मराठी. तुम्ही सिनेमातली वर्दी ओळखता, आम्ही स्टेशनवरची. त्याबद्दल मी रागावलो नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या शब्दाखाली चार ओळी होत्या. करंट लिहिलं होतं. लहान मुले लिहिलं होतं. तीन वेळा. तुम्ही वरचा एक शब्द वाचलात आणि पुढचं वाचलंच नाहीत. का? कारण खाली ‘माळी’ लिहिलं होतं. माळी काय मागणार? ड्रेस मागणार, चहा मागणार, दिवाळी मागणार. माळी काही सांगत असेल, असं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याच चार ओळी एखाद्या फ्लॅटवाल्याने तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या असत्या, तर संध्याकाळच्या आत इलेक्ट्रिशियन आला असता.

आज तुम्ही इथे हार घेऊन आलात. बोललात, आमच्या कुटुंबातला माणूस गेला. साहेब, या कुटुंबातल्या माणसाचं नाव तुम्हाला कधी कळलं? सभेचा बोर्ड वाचून कळलं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तुम्ही पोलिसांना जबाब दिलाय. माळ्याने निष्काळजीपणे ओल्या गवतात मशीन लावली. अनवाणी होता. सोसायटीकडे कुठलीही लेखी तक्रार नव्हती. केबिनमध्ये आता नवीन रजिस्टर आलंय. जुनं कुठे गेलं, विचारलं तर म्हणतात भिजलं होतं, रद्दीत टाकलं.

रद्दीत टाकलं नाही. काकांनी ते आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. का ठेवलंत, विचारलं तर म्हणाले, “साहब, उनका लिखा हुआ था.” नोकरी जाईल त्यांची. त्यांना ते माहीत आहे.

रजिस्टर आहे, पण त्यात सही नाही. हा माळी कोण, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. कोण सांगणार? जो सांगेल त्याला हेही सांगावं लागेल की आम्ही दोघे धंदा करत होतो. मला चार जणांनी समजावलं. स्टेशनवरच्यांनीही समजावलं, काळजीपोटीच. म्हणाले, प्रमोद, जनूचा धंदा उघड झाला तर वहिनींना त्याच्या जागी नोकरी मिळताना आडवे येतील. तुझीही चौकशी लागेल. झालं ते झालं, अपघात म्हणून राहू दे, विषय वाढवू नको.

मी वहिनींना विचारलं. काल दुपारी. म्हटलं, वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणालात तर मी तोंड उघडणार नाही. वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. मग म्हणाल्या, “भावजी, ह्यांनी आयुष्यात कधी निष्काळजीपणा केला नाही. गॅसचं बटण तीनदा बघायचे झोपायच्या आधी. माझ्या पोरी मोठ्या होऊन तो कागद वाचतील. त्यात काय लिहिलेलं असेल?”

मी उठलो.

आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन मी जबाब दिला. रजिस्टर दिलं. पावती घेतली. जबाबात लिहून दिलं की या तीनही नोंदी आमच्या स्टेशनच्या फायरमनच्या हातच्या आहेत, मी ते अक्षर रोज आठ वाजता वाचतो. म्हणजे, वाचत होतो. त्याचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. त्याखाली माझं नाव, माझा हुद्दा. धंदा दोघांचा होता हे लिहिलं. आणि झटका आधी मला बसला होता, मी कुणाला कळवलं नाही, हेही लिहिलं. स्टेशनचे साहेब, त्याची प्रत तुमच्या टेबलावर ठेवून मी इथे आलोय. जी चौकशी लावायची ती लावा. फक्त त्याची चौकशी लावू नका. ज्या दिवशी त्याची ड्युटी नव्हती त्या दिवशीही तो वर्दी देत होता. झटका बसल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीवर असून ती दिली नाही, असा माणूस मी आहे.

दोन-तीन वाक्यं राहिली.

सोसायटीच्या लोकांनो, तुम्ही सगळे वाईट नाही. मावशी पुण्याहून धावत आल्यात, मघापासून रडतायत. पण तो पॉइंट आजही डायरेक्ट आहे. मी येताना बघून आलो. टेप गुंडाळलीय वरून. काल संध्याकाळी तिथे पोरं खेळत होती. आज घरी जाल तेव्हा आधी मेन बंद करा, मग जेवायला बसा.

आता आपण जनार्दनसाठी उभे राहणार आहोत. दोन मिनिटं. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीही उभे राहा, जाऊ नका. मी घड्याळ लावून वाचून बघितलंय. त्या चार ओळी वाचायला बारा सेकंद लागतात. दोन मिनिटांत त्या दहा वेळा वाचून होतात. फोटो मी तुमच्या फोनवर आत्ताच पाठवलाय.

सगळ्यांनी उभं राहावं.